गोधडी टाचायला फरशी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडीच्या तोंडावर वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून गोधडीवर एखादा लेख हमखास येतो. त्यात आजी असते, तिच्या लुगड्याचा वास असतो, ऊब असते आणि अशा गोधड्या शिवणारे हात आता उरले नाहीत अशी अखेरीस हळहळ असते. त्या भावनेला माझी हरकत नाही. हरकत आहे ती अखेरच्या हळहळीला. मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि घरी गोधड्या शिवते. माझ्यासारख्या शिवणाऱ्या बायका या शहरात आहेत, खाडीपलीकडे कळव्यात आहेत, ऐरोलीत आणि कोपरखैरण्यातही आहेत, हे मी खात्रीने सांगू शकते, कारण सुती जुनेर कोणाकडे जादा झाले आणि कोणाला कमी पडले याची आमच्यात सतत देवघेव चाललेली असते. हात आहेत, हौस आहे, कापडही खटपट केली तर मिळते. अडते ते भलत्याच ठिकाणी, आणि ते ठिकाण नेमके दाखवता यावे म्हणून सप्टेंबरअखेर माझ्या घरी कोणते काम कुठवर आले आहे आणि ऑक्टोबरात काय हातावेगळे करायचे आहे, याचा हिशेब या पत्रातून मांडते आहे.

घरच्या शिवणाला महिन्याचा हिशेब कशाला, असे कोणी म्हणेल. ज्या घरात एका वेळी एकच गोधडी चालते तिथे तो नकोच. पण शिवणारीच्या घरात सहसा एकच काम नसते. एक कपाटावर गुंडाळून ठेवलेले असते, एक दिवाणाच्या पोटात असते, एक पिशवीत कातरून तयार असते, आणि हे सारे तसेच ठेवून चौथ्याचे रंग मनात जुळवणे सुरू झालेले असते. अमेरिकेतल्या क्विल्ट शिवणाऱ्या बायका अशा अर्धवट कामांना गमतीने यूएफओ (अनफिनिश्ड ऑब्जेक्ट्स, म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या वस्तू) म्हणतात, असे वाचले आणि समदुःखी भेटल्याचे समाधान वाटले.

माझ्याकडचे सर्वांत मोठे काम सासूबाईंच्या दोन सुती नऊवारींच्या गोधडीचे आहे. नऊ वार म्हणजे ३२४ इंच, आणि पन्हा साधारण ४५ इंचांचा. पाच फूट बाय सात फुटांची गोधडी धरली, तर एका नऊवारीतून पाच-पाच फुटांचे पाच तुकडे निघतात आणि दोन फूट कापड उरते. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की एक थर होतो. म्हणजे दोन लुगड्यांतून कागदावर पाच थर निघायला हवेत. प्रत्यक्षात चारच निघाले, कारण नेसून नेसून काष्ट्याचा आणि घोट्याजवळचा भाग विरलेला होता आणि उजेडासमोर धरला की पलीकडची खिडकी दिसत होती. पदराचा भाग मात्र शाबूत होता. तो वर आणि खाली घेतला, किंचित विरलेले तुकडे मधल्या दोन थरांत टाकले आणि उरलेल्या पट्ट्या गोटासाठी, म्हणजे कडेने लावायच्या पट्टीसाठी, बाजूला काढल्या. विरलेले कापड मधे घालण्यात काटकसर आहेच, पण ते मऊ झालेले असल्याने गोधडी अंगावर नीट बसते, हा त्याहून मोठा फायदा.

या गोधडीचा धावदोरा मी कडेकडेने आत नेते आहे. ओळींमध्ये अर्ध्या इंचाचे अंतर ठेवले आहे. पाच फूट रुंदीत अर्ध्या इंचावर एक अशा सुमारे १२० ओळी बसतात आणि प्रत्येक ओळ सात फुटांची धरली तर एकूण ८४० फूट, म्हणजे सुमारे २५६ मीटर शिवण होते. उभ्या ओळी घाला, आडव्या घाला किंवा चौकोनात फिरत आत या, अंतर तेच ठेवले तर लांबीही जवळजवळ तेवढीच भरते. अंतर पाव इंचावर आणले की ती दुप्पट होते. चारही बाजूंनी दीड-दीड फुटाचा पट्टा पुरा झाला असून मध्ये दोन फूट बाय चार फुटांचा चौकोन उरला आहे. पाहणाऱ्याला तो चौकोन मोठा दिसतो आणि ‘अजून बरेच राहिले की’ असे तो म्हणतो; हिशेबाने पाहिले तर ८४० पैकी सुमारे १९२ फूटच शिवण बाकी आहे. कडेच्या फेऱ्या लांब असतात आणि आतल्या आखूड होत जातात, त्यामुळे शेवटचे काम भराभर सरकते. नव्याने शिकणाऱ्या मुलींना मी हे आवर्जून सांगते, कारण पहिल्या चार-पाच फेऱ्यांतच हात गळून जाणाऱ्या पुष्कळ पाहिल्या आहेत.

दोऱ्याबद्दल एक सांगायचे तर तो हातभरच घ्यावा. लांब घेतला की वारंवार ओवणे वाचते असे वाटते, पण चार थरांतून ओढताना तो पिळतो, गाठी धरतो आणि विसविशीत होऊन ऐन ओळीत तुटतो. दोऱ्यावरून मेणाचा तुकडा एकदा फिरवला तर सुई सुखाने चालते. गाठ बाहेर ठेवू नये. हलका झटका देऊन ती वरच्या थराखाली ओढून घ्यावी, म्हणजे धुताना निसटत नाही आणि अंगालाही टोचत नाही. अंगुस्तान वापरायचा मला कंटाळा, पण चार थरांना त्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरे काम दुपट्यांचे. भाचीचे बाळंतपण नोव्हेंबरात आहे. जुन्या धोतराच्या दोन थरांची, तीन फूट बाय तीन फुटांची दोन दुपटी शिवून झाली, तिसऱ्याचा गोट राहिला आहे. दुपट्याला ओळी इंच-इंच अंतरावर पुरतात. टिकली, मणी, जर असले काही लावायचे नाही, आणि पहिल्यांदा बाळाखाली घालण्यापूर्वी ते दोनदा तरी धुवायचे, एवढीच पथ्ये. हे काम मांडीवर होते, गप्पा मारता मारता होते, म्हणून ते कधी अडत नाही.

तिसरे काम चौकोनांच्या पांघरुणाचे, आणि ते सर्वांत चिवट आहे. इंग्रजीत ज्याला नाइन पॅच म्हणतात तो प्रकार मी मशीनवर जोडते आहे: तीन-तीनच्या तीन ओळी, नऊ चौकोनांची एक चौकट. चौकोन साडेतीन इंचांचा कापायचा, चारही बाजूंनी पाव इंच शिवणीत गेले की तो तीन इंचांचा उरतो आणि चौकट नऊ इंचांची भरते. अशा सात चौकटींच्या नऊ ओळी लावल्या की ६३ चौकटी आणि ५६७ चौकोन होतात. कापताना हौस असते. खरी परीक्षा शिवणीत आहे. एका आडव्या ओळीत २१ चौकोन आणि २० जोड येतात. प्रत्येक शिवण अर्धे सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जादा घेतली गेली तर दोन्हीकडचे मिळून प्रत्येक जोडाला एक सूत कापड कमी होते आणि ओळ वीस सुतांनी, म्हणजे तब्बल अडीच इंचांनी आखडते. वरची ओळ आखडली आणि खालची आखडली नाही, तर कोपरे जुळत नाहीत आणि मग ओढून जुळवलेल्या ठिकाणी कायमची चुणी राहते. त्यासाठी मशीनच्या पट्टीवर, सुईपासून मोजून दोन सुतांवर, चिकटपट्टीची कड लावून ठेवली आहे. निम्म्याहून अधिक चौकटी झाल्या आहेत. उरलेल्या ऑक्टोबरात होतील.

चौथी आहे ती सांगलीकडून माहेरहून आलेली वाकळ. तिचा गोट झिजून आतले थर बाहेर डोकावू लागले आहेत. नवी गोधडी शिवणे ज्यांना आवडते त्यांना दुरुस्ती फारशी आवडत नाही, आणि मीही त्याला अपवाद नाही. पण वाकळेचे आयुष्य कडेवर ठरते. गोट वेळेवर बदलला तर मधले अंग आणखी बरीच वर्षे जाते. नाही बदलला तर एकेका धुण्यात थर उकलत जातात आणि मग ठिगळे लावूनही सावरता येत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. वरच्या चार कामांपैकी मांडीवर होणारी दोन बिनबोभाट पुढे गेली आहेत. नऊवारीची गोधडी पुढे सरकली ती टाचून झाल्यावरच, आणि टाचण्यासाठी ती कपाटावर पडून राहिली तो काळ तिच्या शिवणाच्या काळाहून मोठा होता. चौकोनांचे पांघरूण ऑक्टोबरात जोडून झाले की त्याचीही तीच गत होणार आहे. गोधडीच्या कामात वेळखाऊ भाग शिवण आहे हे खरे, पण अडवणारा भाग टाचण आहे, आणि टाचणाला लागते ती मोकळी फरशी.

ज्यांनी हे केलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते. खालचा थर फरशीवर उलटा अंथरायचा, त्याचे चारही कोपरे ताणून फरशीला चिकटपट्टीने धरायचे किंवा त्यांवर वजने ठेवायची. त्यावर दुसरा थर, मग तिसरा, मग चौथा. प्रत्येक थर मधून कडेकडे हाताने सारवल्यागत निपटत न्यायचा, सळ राहू द्यायचा नाही. मग मोठ्या सुईने, वीतभर अंतरावर, मधून बाहेरच्या दिशेने कच्चे टाके घालत जायचे. दोघी असल्या तर एक या बाजूला, एक त्या बाजूला, आणि थर ताणलेला राहतो. एकटीने केले तर एक कड धरेपर्यंत दुसरी सुटते. हे सगळे एका बैठकीत व्हावे लागते, कारण अर्धवट टाचलेली गोधडी उचलली की थर घसरतात आणि आतल्या थरात झोळ राहतो. तो त्या दिवशी दिसत नाही. पहिल्या धुण्यानंतर वर येतो, आणि तोवर शेकडो फूट धावदोरा घालून झालेला असतो.

पाच बाय सातच्या गोधडीला चारही बाजूंनी बसायला दीड-दीड फूट धरले तर आठ फूट बाय दहा फुटांची मोकळी जमीन हवी. ठाण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात ती आहे कुठे? दिवाणखाना असतो दहा बाय बाराचा, त्यात सोफा, टीपॉय, टीव्हीखालचे कपाट आणि आता घरून काम करणाऱ्या मुलाचे टेबल. सोफा दारात उभा करून आणि टीपॉय स्वयंपाकघरात ठेवून ती जागा काढता येते, मी काढलीही आहे, पण घरची माणसे जेवायला येईपर्यंतच. पलंगावर टाचावे तर सुई गादीच्या चादरीला जाऊन बसते आणि ताणही नीट बसत नाही. गच्चीवर वारा थर उडवतो, आणि दुपारच्या उन्हात तिथे बसवत नाही.

यावर उपाय नाहीत असे नाही. लांब टेबलावर दोन फळ्यांना थर गुंडाळून घेत टाचण्याची एक पद्धत आहे. दोन-तीन पातळ थरांना ती चालते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड भागात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात, त्यात पायाच्या कापडावर कडेपासून तुकडे ठेवत, त्यांच्या कडा दुमडत, धावदोऱ्याने शिवत आत यायचे असते आणि कोपऱ्यांना दुमडलेल्या त्रिकोणांची फुले लावायची असतात. त्यात तुकडे आधी जोडून घेणे नाही, त्यामुळे मोठे टाचणही नाही. ती रीत मला फार आवडते आणि पुढेमागे करून पाहणार आहे. पण अखंड लुगड्यांचे चार थर एकावर एक घ्यायचे असतील तर जमिनीला पर्याय सापडलेला नाही.

पूर्वी हे अडत नसे, कारण जमीन होती. गावाकडे सुगी आटोपली की उन्हाळ्यात अंगणात, पडवीत किंवा देवळाच्या ओवरीत वाकळ पडायची, शेजारणी दोन्ही बाजूंनी बसायच्या आणि संध्याकाळपर्यंत टाचून मोकळ्या व्हायच्या. अमेरिकेतही क्विल्ट शिवण्यासाठी बायका एकत्र जमत. त्याला क्विल्टिंग बी म्हणत. अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या क्विल्ट २००२ साली ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, आणि २००६ साली त्यांवर टपाल तिकिटेही निघाली. त्या परिसरातल्या बायकांनी १९६६ सालीच ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली होती. जुन्या कपड्यांचे तुकडे आणि एकत्र बसायची सोय एवढ्यावर तिथे एवढे उभे राहिले. आमच्याकडे तुकडे आहेत.

कापडाबद्दल थोडक्यात. सुती जुनेर दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालले आहे, कारण घराघरांत आता जॉर्जेट आणि पॉलिस्टरच्याच साड्या. त्यांना सुई घसरते, घाम शोषला जात नाही आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटते. ज्या बायकांकडे सुती पातळे आहेत त्या ती बोहारणीला भांड्यांवर देऊन टाकतात. एका विरलेल्या लुगड्याला फार तर एक वाटी मिळत असेल. तेच लुगडे शिवणारीकडे दिले तर गोधडीचा सबंध थर होतो. पुरुषांच्या सुती सदऱ्याची पाठ, मलमलीच्या ओढण्या, व्हॉइलची पातळे, धुऊन मऊ झालेल्या सुती चादरी हे सगळे चालते. उल्हासनगरच्या शिलाईवाल्यांकडची कातरण मिळते, पण ती नवी असते. नवे सुती कापड धुतल्यावर आटते आणि जुने आटून गेलेले असते, तेव्हा दोन्ही एकत्र वापरायचे असल्यास नवे आधी धुऊन, खळ काढून घ्यावे. लाल, काळे आणि गडद निळे कापड ओले करून पांढऱ्या फडक्यात दाबून पाहावे. फडक्याला रंग लागला तर ते वेगळे धुवत राहावे किंवा सोडून द्यावे.

ऑक्टोबरच मी मोठ्या कामांना का धरला, तेही यातच येते. घटस्थापनेच्या आधी घरातली अंथरुणे-पांघरुणे धुण्याची आपली रीत आहे. घाटावर ती नदीवर सुखाने निभते. इथे त्या दिवसांत आभाळाचा भरवसा नसतो. हवामान खात्याच्या सुधारित वेळापत्रकानुसार मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे, आणि त्यानंतर जे कडक ऊन पडते त्याबद्दल सगळे शहर कुरकुरत असताना आम्ही शिवणाऱ्या खूश असतो. चार थरांची गोधडी पावसाळ्यात धुतली तर वरून कोरडी आणि आतून दमट राहते, कुबट वास धरते आणि काळे ठिपके पडतात. पावसात सुयाही गंजतात आणि गंजलेल्या सुईचा डाग पांढऱ्या धोतरावरून जात नाही. तेव्हा जुनेर धुणे, सुकवणे, टाचणे आणि झालेली गोधडी पहिल्यांदा धुऊन पाहणे, हे सारे ऑक्टोबरात बसवावे लागते.

माझे या महिन्याचे उद्दिष्ट असे आहे. तिसऱ्या दुपट्याचा गोट पहिल्या आठवड्यात. नऊवारीच्या गोधडीचे उरलेले १९२ फूट कोजागरीपर्यंत, मग तिचा गोट आणि ऊन पडले की धुणे. चौकोनांच्या उरलेल्या चौकटी जोडून वरचा थर पुरा करणे, अस्तर धुऊन ठेवणे आणि महिनाअखेर टाचणे. वाकळेचा जुना गोट उसवून नवा लावणे. आणि लॉग केबिन प्रकारच्या पट्ट्या, मध्ये चुलीच्या निखाऱ्याचा म्हणून लाल चौकोन आणि भोवती फिकट-गडद पट्ट्या, ज्या मी मोठ्या हौसेने कापून पिशवीत भरल्या आहेत, त्या पिशवीला दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही. यातले सगळे माझ्या हातात आहे. महिनाअखेरचे टाचण तेवढे नाही.

त्यासाठी मी आमच्या भागातल्या एका सभागृहाच्या व्यवस्थापनाकडे विचारणा केली होती. एक दुपार, चार बायका, खुर्च्या नकोत, पंखे चालले तर बरे. हा व्यावसायिक वापर ठरतो, तेव्हा समारंभासाठीचे पूर्ण दिवसाचे भाडे भरावे लागेल, असे उत्तर मिळाले. त्या भाड्यात बाजारातून चार तयार रजया येतील. व्यावसायिक म्हणाल तर आमच्यातल्या दोघीच गोधड्या विकतात, आणि त्यांनाही गिऱ्हाईक ‘जुन्याच कपड्यांचे एवढे पैसे?’ असे विचारते. तासाला चार-पाच मीटर धावदोरा झाला तर अर्ध्या इंचाच्या ओळींच्या एका गोधडीला पन्नास-साठ तास लागतात. कापड फुकट आले असे धरूनही किंमत त्या तासांचीच होते, हे गिऱ्हाइकाला पटवणे कठीण जाते.

बेलापूरला सिडकोचे अर्बन हाट आहे, महालक्ष्मी सरससारखी प्रदर्शने भरतात, तिथे बचत गटांच्या बायका आपले हस्तकाम विकतात, आणि हे चांगलेच आहे. पण ही सोय वस्तू तयार झाल्यानंतरची आहे. वस्तू तयार होते त्या मधल्या टप्प्यावर काय लागते, हे कोणी विचारत नाही.

म्हणून ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांना आपल्या स्तंभातून विनंती करावीशी वाटते. महापालिकांची समाजमंदिरे आहेत, सभागृहे आहेत, शाळांमधली मोठी दालने आहेत. त्यांतली काही आठवड्याच्या कामाच्या दिवसांत दुपारी बंद असतात. प्रत्येक प्रभाग समितीच्या हद्दीत अशी एक जागा आठवड्यातून एकदा, दुपारी एक ते चार, हातकाम करणाऱ्यांसाठी माफक शुल्कात उघडी ठेवावी. फक्त झाडलेली फरशी, उजेड आणि पंखा पुरे. यंत्रे नकोत, अनुदान नको, प्रशिक्षण शिबीर नको. उद्घाटनही नको, केलेच तर कापलेली फीत आम्हाला द्यावी, गोटाला लावू. गोधडीवाल्या आल्या तर रांगोळी, वारली चित्रे, मोठे पडदे आणि गणपतीच्या मखरांची कापडे करणाऱ्याही येतील, कारण जमिनीवाचून अडणारे काम आमचे एकटीचे नाही. गृहनिर्माण संस्थांनीही आपल्या सभागृहांबाबत विचार करावा. महिन्यातून एक दुपार सभासदांपैकी कोणी गोधडी अंथरली तर संस्थेच्या उत्पन्नाला धक्का लागत नाही.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. या थंडीत गोधडीवर लेख छापाल तेव्हा आजीच्या आठवणीशेजारी अर्धा रकाना मोजमापाला द्यावा: पाच बाय सातला किती कापड, किती दोरा, थर कसे निपटायचे, गोट केव्हा बदलायचा. लेख वाचून गहिवरलेल्यांपैकी काहींना त्याच दुपारी सुई हातात घ्यावीशी वाटते, आणि त्यांना सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. तसेच ज्या वाचकांकडे नेसण्यापलीकडे गेलेली सुती लुगडी, पातळे, धोतरे पडून आहेत त्यांनी ती बोहारणीच्या हवाली करण्यापूर्वी ओळखीत कोणी गोधडी शिवते का याची चौकशी करावी. आणि ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी, चरई या बाजूला ज्यांच्याकडे आठ फूट बाय दहा फूट मोकळी फरशी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारपुरती असेल, त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवल्यास आम्ही चौघी सुया, दोरा आणि चटया घेऊन येऊ. जाताना फरशी झाडून, दोऱ्याचे तुकडे वेचून जाऊ.

कळावे,

आपली विश्वासू,
एक वाचक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)